पोटॅशियम (सागरी मत्स्यालयातील)
खाऱ्या पाण्याच्या टाकीतील एक मुख्य घटक. दर हजारी 35 लवणतेच्या समुद्रजलात तो किलोमागे सुमारे 400 मिग्रॅ. असतो. शैवाल व प्रवाळ तो शोषतात. कमी पडल्यास प्रवाळांचे रंग फिके पडतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

चाचणीसंचात सोडियम टेट्राफेनिलबोरेट असते. पोटॅशियमशी संयोग होताच पांढरा साका धरून पाणी दुधाळ होते आणि त्या गढूळपणावरून प्रमाण ठरवतात. डोळ्यांचा अंदाज तो. शंका आल्यास प्रयोगशाळेत ज्वाला-प्रकाशमापक वापरावा. त्याआधी लवणता मोजणे इष्ट. ती 28 असेल, तर पोटॅशियम 320च्या आसपास दिसणारच; तिथे उणीव मिठाची असते, पोटॅशियमची नव्हे.

मात्रेसाठी शुद्ध पोटॅशियम क्लोराइड वापरतात. 100 लिटर पाण्यात 20 मिग्रॅ. प्रतिलिटर वाढीस 3.8 ग्रॅ. पुरते. ते वेगळ्या पाण्यात विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून घालतात. अतिमात्रा उणिवेहून घातक.

अंतर्देशीय खाऱ्या भूजलात लवणता पुरेशी असूनही पोटॅशियम फार कमी आढळते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने हरियाणातील रोहतक केंद्रात अशा पाण्यात पोटॅश मिसळून कोळंबी वाढवली. सातपुड्यातील मोलगीसारख्या (ता. अक्कलकुवा) समुद्रापासून दूरच्या गावी टाकीसाठी कृत्रिम सागरी मीठच वापरावे लागते. खताच्या दुकानातील लाल पोटॅश मात्र टाकीत घालू नये. त्यात लोहाची अशुद्धी असते.