लेखण्या, कातीव लाकडी

लेखण्या, कातीव लाकडी : कठीण लाकडाचा तुकडा लेथवर फिरवून व पटाशीने कातून हाताने घडविलेल्या लेखण्या. बोरूमध्ये लेखणीचे अंग व टोक एकच असते. कातीव लेखणीत मात्र लाकूड हे केवळ धरावयाचे अंग असते. शाई लाकडात शोषली जाते व तिच्यातील पाण्याने लाकूड फुगते. त्यामुळे या लेखण्यांचा इतिहास हा मुख्यतः लाकूड व शाई यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याच्या उपायांचा इतिहास होय.

कातकाम प्राचीन आहे. ईजिप्तमधील पेटोसिरिस याच्या थडग्यातील उत्थित शिल्पात (इ. स. पू. सु. ३००) एक जण पट्टा आळीपाळीने ओढून लाकूड फिरवीत आहे व दुसरा हत्यार धरून ते कातीत आहे, असे दाखविले आहे. भारतातील कातारीही दोरीने वा धनुकलीने फिरणाऱ्या साधनावर लाटणी, भोवरे, पलंगाचे पाय इ. वस्तू करीत आले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोझेफ जिलट (१७९९–१८७२) व इतर कारखानदारांनी बर्मिंगहॅम येथे पोलादी निबांचे यंत्रोत्पादन सुरू केले. निब बसविण्यासाठी कातीव लाकडी दांडी सोयीची ठरली. महाराष्ट्रात या लेखणीस ‘टाक’ म्हणतात. टाकात केवळ निबच दौतीत बुडत असल्याने लाकूड सुरक्षित राही.

झरणीत शाईचा साठा लेखणीच्या पोटातच आला व ही स्थिती पालटली. आर्द्रतेनुसार लाकूड फुगते व आकसते, त्यामुळे त्यात पाडलेले आटे सैल होतात किंवा अडकतात. एल्. ई. वॉटरमन (१८३७–१९०१) यांना झरणीचे एकस्व १८८४ मध्ये मिळाले. त्या काळी झरण्यांसाठी एबोनाइट हे कठीण रबर वापरात आले. ते शाई शोषत नाही, मात्र लाकडाप्रमाणेच लेथवर कातता येते. राजमहेंद्री (आंध्र प्रदेश) येथे १९३० नंतरच्या दशकात रत्नम यांनी घडविलेल्या स्वदेशी झरण्या अशाच कातीव एबोनाइटच्या होत्या. लाकूड मागे पडले, तरी कातारीचे कौशल्य टिकले.

लास्लो बिरो (१८९९–१९८५) यांनी १९३८ मध्ये बॉलपेनाचे एकस्व घेतले. शाई बंद नळीत गेल्याने लाकडास पुन्हा वाव मिळाला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तयार धातुभागांचे संच मिळू लागले आणि हौशी कारागिरांत हे काम रूढ झाले. लाकडाच्या चौकोनी तुकड्यास लांबीच्या दिशेने आरपार भोक (सडपातळ लेखणीसाठी ७ मिमी.) पाडतात, त्यात पितळी नळी चिकटवितात व तुकडा दांडीवर चढवून कातीत नेतात. अखेरीस नळीभोवती लाकडाचा पातळ थर उरतो.

ओक, ॲश, साग यांसारख्या लाकडांत वाहिन्यांची छिद्रे मोठी असतात. त्यांच्या रेषांमुळे लाकूड देखणे दिसते. मात्र त्याच छिद्रांत घाम व मळ साचतो. म्हणून लाकडाचा बारीक भुसा व तेल किंवा सरस यांचे मिश्रण घासून छिद्रे भरतात. ओकमध्ये टॅनीन असल्याने ओलसर लाकडास लोखंडाचा कीस लागल्यास निळसर काळे डाग पडतात. लोह-क्षार व टॅनीन यांपासून होणाऱ्या पारंपरिक शाईतील विक्रियाच येथे घडते. तेल व मेण यांनी लाकडाचा स्पर्श कायम राहतो, परंतु संरक्षण कमी मिळते. स्पिरिटात विरघळविलेल्या लाखेने चकाकी येते, पण ती हाताळणीने झिजते. सायनोॲक्रिलेट या आसंजकाचा थर टिकाऊ असतो. मात्र बोटांना मग लाकडाऐवजी प्लॅस्टिकच लागते.

शिसवी ज्या डॅल्बर्जिया प्रजातीत मोडते, त्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रित आहे. लेखणीस बोटभर लाकूड पुरत असल्याने फर्निचरकामात उरलेले तुकडेही तिच्या उपयोगी पडतात.