मुल्कोवालची बाटली

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एखाद्या ताज्या घटनेवर वाद रंगतो. कोणी वर्तमानपत्राचा दाखला देतो, कोणी एखाद्या तज्ज्ञाचे नाव घेतो, तर कोणी "यात लपवाछपवी असणारच" असे ठासून सांगतो. घंटा होते आणि जो तो आपले मत बरोबर घेऊन वर्गावर जातो. अशा वादात पुरावा कोणता आणि मत कोणते, हे वेगळे कसे करायचे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे एक प्रकरण या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

1896 साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस टोचून घेतली. न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला व 6 दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांनाच प्लेग झाला आणि तेही वाचले. एकाच जागी राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या दोन गटांची ही तुलना होती. म्हणूनच तिला वजन होते.

पुढे पंजाबात मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे काम हाती घेण्यात आले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मुल्कोवाल या खेड्यात (ते आज पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांतून 107 जणांना लस टोचली गेली. सुमारे आठवडाभराने त्यांपैकी 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. बाकीचे 88 जण ठणठणीत राहिले.

बाटलीत उरलेल्या लशीत धनुर्वाताचे जंतू सापडले. यावरून एवढेच सिद्ध झाले की बाटली दूषित होती. ती केव्हा दूषित झाली, हे त्यातून कळत नव्हते आणि वाद नेमका तोच होता. परळच्या प्रयोगशाळेत लस भरताना की खेड्यात बूच काढताना?

लशीची मागणी वाढल्यामुळे हाफकिन यांनी तयार करण्याच्या पद्धतीत बदल केला होता. कार्बोलिक आम्ल वगळून ते केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करू लागले होते. मुंबईच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाने, बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असली पाहिजे, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पद्धत बदलली, नंतर माणसे मेली, म्हणून बदलामुळेच मेली, असा हा सरळ वाटणारा तर्क होता. परंतु आधी घडलेली प्रत्येक गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण असतेच असे नाही.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहू. बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही माहीत होते. बाटली भरून 41 दिवस झाले होते. जंतू इतके दिवस आत वाढत असते, तर उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय बाटलीत 41 दिवस विष साचले असते, तर लक्षणे दिसायला आठवडा लागला नसता. येथे विचाराची रीत ध्यानात घ्यावी: "हे म्हणणे खरे असेल, तर आणखी काय दिसायला हवे? आणि ते दिसते का?"

रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे जाहीरपणे मांडले. जुलै 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. परंतु रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते, म्हणून त्यांचे म्हणणे खरे ठरत नाही. सरन्यायाधीशांचे पद मोठे होते, म्हणून आयोगाचे म्हणणेही खरे ठरत नाही. दुर्गंधी, दिवसांची मोजणी आणि पडलेला चिमटा या गोष्टी, सांगणारा कोणीही असला तरी, तेवढ्याच वजनाच्या राहतात.

मुल्कोवालनंतर पंजाबातील लसीकरण मंदावले. 1907 या एकाच वर्षी त्या प्रांतात प्लेगने सहा लाखांवर माणसे मेली. लसीकरण चालू राहिले असते तर त्यांतील किती वाचली असती? येथे आपल्यालाही सावध राहायला हवे. काही वाचली असती, असे आम्हाला वाटते. पण आकडा सांगू लागलो तर आम्हीही मतालाच पुरावा म्हणू लागलो, असे होईल.

1925 साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. संस्था आजही तेथेच आहे.

वर्गात हे प्रकरण घ्यायचे असेल, तर फळ्यावर तीन रकाने आखावेत: कोणी प्रत्यक्ष काय पाहिले वा मोजले; त्यावरून काय अनुमान काढले; आणि कोणाला नुसते काय वाटले. वरची विधाने मुलांनीच त्यांत भरावीत. मग चालू आठवड्यातील एखादी वादाची बातमी घेऊन तेच करावे. पहिला रकाना बहुधा सर्वांत रिकामा राहील. तो भरण्यासाठी काय शोधावे लागेल, हे मुलांना विचारावे. खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.