'नशीब, ०.३२ होतं!'

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. जुहूला अभिनेते गोविंदा यांच्या घरी त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर सुटलं, गोळी पायात लागली. कपाटात ठेवताना हातातून पडलं, असं सांगण्यात आलं. त्या सकाळी अंधेरी स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर मी एकच वाक्य ऐकत होतो : 'नशीब, ०.३२ होतं!'

पण हा ०.३२ आला कुठून?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे वेब्ली मार्क ६ असे. बोर ०.४५५, नळी सहा इंची, गोळी सुमारे १७ ग्रॅमची. धक्का इतका की नवशिक्याचा नेम लागेना. म्हणून १९३२ मध्ये एनफिल्डचं ०.३८ आलं. नळी पाच इंची, गोळी साधारण १३ ग्रॅम. ०.३८ पुढे आपल्या पोलिसांच्याही कमरेला दिसू लागलं. सामान्य परवान्यावर मात्र हे बोर मिळत नाहीत. सरकारी काडतुसं खासगी हत्यारात चालू नयेत, हा विचार. उरलं ०.३२. कानपूरचा सरकारी कारखाना परवानाधारकांसाठी तेच बनवतो.

म्हणजे ०.३२ हा कायद्याने ठरवलेला आकडा, सुरक्षिततेचा नाही. त्यानेही माणूस मरतो. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोड्याची टोच थेट काडतुसावर टेकते. आपटलं की बार उडतो. म्हणून जुनी माणसं घोड्याखालचा चेंबर रिकामा ठेवत.

ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी बोर सांगू नये. कपाट उघडण्याआधी गोळ्या काढल्या का, एवढंच सांगावं. नशीब दरवेळी पायावर भागवत नाही.