डायनमो, अल्टरनेटर आणि कुर्ल्याची फियाट

दिल्लीचा काश्मिरी गेट इतिहासाच्या पुस्तकात भेटतो तो १४ सप्टेंबर १८५७ च्या सकाळी, इंग्रज सॅपर्सनी सुरुंगाने उडवलेला दरवाजा म्हणून. मराठी माणसाने त्याआधीचं १८०४ सालही आठवावं, कारण त्या ऑक्टोबरात होळकरांच्या फौजेने याच शहराला वेढा घातला होता. आजच्या दिल्लीकराला मात्र यातलं काही आठवत नाही. त्याच्या लेखी काश्मिरी गेट आणि शेजारचं मोरी गेट म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. बेअरिंग, ब्रश, आर्मेचर, कटआउट, जे मागाल ते. हाती नसेल तर दुकानदार पोऱ्याला गल्लीत पिटाळतो आणि चहा संपायच्या आत वस्तू समोर येते.

दिल्लीच्या या पोस्टिंगमध्ये माझे बरेच रविवार या बाजारात गेले, त्याला कारण एक फियाट. नोएडात राहणारे आमचे एक निवृत्त कर्नलसाहेब आहेत, मूळ साताऱ्याकडचे, ७१ ची लढाई पाहिलेले. त्यांच्याकडे १९६८ सालची फियाट डिलाइट आहे. तिची कहाणी सांगण्याआधी ती जिथे जन्मली त्या कुर्ल्याला जाऊन यावं लागेल.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना हिंदुस्थानात मोटार बनवायची होती. १९३९ मध्ये ते त्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण युद्ध सुरू झालेलं, आणि मोटार कारखान्याला पाठबळ द्यायला दिल्लीतलं सरकार तयार नव्हतं. गंमत अशी की त्याच प्रवासात, विमानात, त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानं विकणाऱ्या अमेरिकनाशी पडली. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली, म्हणजे आजच्या एचएएलची आई. मोटार आणायला गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन परतला! मोटारीची कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, १९४४ ची. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यातून क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकात फियाट आली, १९६४ मध्ये अकराशे डिलाइट आणि पुढे १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, ते सगळ्यांनीच वाचलं असेल.

क्रायस्लर हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

डिलाइटच्या पोटात वीज बनवायला डायनमो होता. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत तोच असे. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकला विजेचा सेल्फ-स्टार्टर दिला, हँडल मारण्यातून माणूस सुटला, पण त्याबरोबर बॅटरी आली आणि बॅटरी भरायला काहीतरी फिरतं ठेवणं आलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते काम डायनमोने केलं. डायनमोत आतला आर्मेचर फिरतो, आणि तयार होणारी सगळी वीज त्या फिरत्या भागातून कम्युटेटर व कार्बन ब्रशमधून बाहेर काढावी लागते. वीस-बावीस अँपिअर अशा ओढून काढायचे म्हणजे ठिणग्या, झीज, काजळी. शिवाय जास्त वेगाने फिरवला तर आर्मेचरची गुंडाळी बाहेर फेकली जाण्याची भीती. म्हणून त्याची पुली अशी बेताची ठेवतात की इंजिन पूर्ण वेगात असतानाही तो सुरक्षित राहावा. त्याची किंमत आयडलला मोजावी लागते: गाडी सिग्नलला थांबली की डायनमो जवळजवळ झोपतो. जुन्या फियाट-अँबेसिडर चालवलेल्यांना आठवत असेल, सिग्नलला हेडलाइट पिवळे पडायचे आणि ड्रायव्हर नकळत रेस देत बसायचा.

अल्टरनेटरने ही रचना उलटी केली. फिरतं ते फक्त चुंबकाचं क्षेत्र, त्याला दोन-चार अँपिअर पुरतात. मोठा प्रवाह बाहेरच्या स्थिर गुंडाळीतून निघतो. त्यामुळे तो कितीतरी वेगाने फिरवता येतो, छोटी पुली लावता येते, आणि गाडी उभी असतानाही बॅटरी भरत राहते. अडचण एकच, निघते ती एसी वीज आणि बॅटरीला हवी डीसी. दुसऱ्या महायुद्धात काही खास लष्करी वाहनांवर रेडिओसाठी अल्टरनेटर बसवले गेले होते, म्हणजे या यंत्राने वर्दी आधी घातली आणि मुफ्ती नंतर. पण रेक्टिफायर अवजड होते. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले तेव्हा रस्ता मोकळा झाला, आणि सर्वसामान्य मोटारीत अल्टरनेटर देणारी पहिली मोठी कंपनी निघाली क्रायस्लर, १९६० च्या व्हॅलियंटमध्ये. कुर्ल्यात ज्यांच्या गाड्या जोडल्या गेल्या तेच हे लोक. आपल्याकडे मात्र परवान्याच्या राज्यात मॉडेल बदलायचं कोणाला कारणच नव्हतं, डिलाइट १९६८ मध्येही डायनमोवरच होती. अल्टरनेटर भारतीय घरात रुळला तो डिसेंबर १९८३ नंतर, गुडगावच्या मारुतीने. काश्मिरी गेटहून गुडगाव तीसेक किलोमीटर, पण मिस्त्रीच्या डोक्यातलं अंतर बरंच जास्त होतं.

ते अंतर कसलं, ते सांगतो. डायनमोच्या जमान्यातला उस्ताद चार्जिंग तपासायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची टर्मिनल काढायचा. इंजिन चालू राहिलं तर डायनमो ठीक. डायनमोला ते चालून जायचं. अल्टरनेटरवर हाच प्रयोग केला की बॅटरीचा आधार सुटतो, दाब उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जागीच मरतो. चांगला अल्टरनेटर तपासणीतच मारून 'साब, अल्टीनेटर गया' असं सांगणारे मिस्त्री मी स्वतः पाहिले आहेत, आणि ते खोटं बोलत नसतात, तेव्हा तो खरंच गेलेला असतो! तसंच लाल दिव्याचं. डायनमोच्या गाडीत तो नुसता बातमीदार. बहुतेक जुन्या घडणीच्या अल्टरनेटरमध्ये त्याच दिव्यातून जाणारा प्रवाह सुरुवातीचं चुंबकत्व देतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही. हौसेने तिथे एलईडी लावणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो.

आता कर्नलसाहेबांची डिलाइट. आधीच्या मालकाने डायनमो काढून अल्टरनेटर बसवून घेतला होता, आणि देव भलं करो त्याचं, मूळ डायनमो खोक्यात घालून गाडीबरोबर दिला होता. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायला सरसकट बंदी होती, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने ती पक्की झाली होती. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणीची वाट दिली, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. साहेबांनी ते सगळं रीतसर केलं होतं. म्हणजे वर्षातून मोजके दिवस गाडी निघणार, आणि नेमकी त्याच दिवशी ती मान टाकायची. वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. अल्टरनेटर दोनदा बदलला. जानेवारीत एका प्रदर्शनाहून धुक्यात परतताना हेडलाइट आणि वायपर चालू, आणि गाडी बंद. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस आणि शेजारी काकू, रात्री यमुनेच्या पुलावर, मागून ट्रक. काकूंनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की गाडी विकायची. साहेबांनी मला फोन केला तो हे सांगायला. "विकायची तर चालू स्थितीत विकू," एवढंच म्हणाले.

निदानाचा नियम फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात: पार्ट बदलण्याआधी मोजा. मल्टिमीटर शंभरात नव्वद भांडणं मिटवतो. बंद गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट, ठीक. इंजिन थोड्या रेसवर, दिवे बंद, अल्टरनेटरच्या टोकाला १४.२. हाही ठीक. मग हेडलाइट आणि वायपर लावले. अल्टरनेटरवर १४.१, बॅटरीवर १२.७. माल कारखान्यातून निघतोय आणि गोदामात पोचत नाही. १.४ व्होल्ट वाटेत गायब. बॅटरीला भरण्यासाठी चौदाच्या आसपास हवेत, १२.७ वर ती अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती वर्षात मरते. रेग्युलेटर अल्टरनेटरच्याच पोटात, त्याला स्वतःच्या दारातले १४.१ दिसतात आणि तो समाधानी असतो. (वरिष्ठ मुख्यालयाची आठवण आली तर तो योगायोग समजावा.)

मग चोर शोधायचा. दिवे चालू ठेवूनच मीटरची एक तार अल्टरनेटरच्या धन टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकाला: ०.९. अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत: ०.५. दोन्ही बाजूंना दोन-तीन दशांशाच्या वर जाऊ नये. दोन चोर, बेरीज बरोबर जुळली.

पहिला चोर म्हणजे मूळ तार. ती डायनमोच्या वीस-बावीस अँपिअरसाठी घातलेली, साठ वर्षांची, टोकाला हिरवी पडलेली. यंत्र बदललं, पण रस्ता तोच ठेवला. दुसरा चोर रंगाखाली लपलेला. कुणीतरी इंजिन बे सुंदर रंगवली होती, आणि इंजिनची अर्थिंग पट्टी त्या रंगावरच बोल्टने आवळली होती. इंजिन आणि बॉडी यांच्यात वीज नीट जातच नव्हती.

एक गोष्ट राहिली. रात्री डॅशबोर्डवरचा लाल दिवा मंद, काजव्यासारखा चमकायचा, आणि त्यावरूनच 'डायोड गेला' असं निदान होऊन अल्टरनेटर दोनदा बदलला गेला होता. त्या दिव्याच्या एका टोकाला अल्टरनेटरचा दाब असतो आणि दुसऱ्याला बॅटरीकडून इग्निशन स्विचमार्गे आलेला. दोन्ही सारखे असले तर दिवा विझतो. इथे जुन्या तारेत आणि जुन्या स्विचमध्ये हरवलेला दाब दिव्यात दिसत होता. मंद दिवा डायोड गेल्यानेही लागतो, हे खरं, म्हणूनच मोजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

मोरी गेटहून दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, थिंबल, फ्यूज आणि विणलेली नवी अर्थिंग पट्टी आणली. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर, वरून व्हॅसलिन. सगळं मिळून एका बॅटरीच्या किमतीचा छोटा तुकडा. दिवे, वायपर सगळं चालू ठेवून बॅटरीवर १३.९. काजवा विझला.

मग खोक्यातला डायनमो टेबलावर आला. जुन्या लोकांची युक्ती आहे: डायनमोचे डी आणि एफ जोडून त्याला बॅटरी द्यायची, धडधाकट असला तर तो मोटारीसारखा फिरतो. ब्रश साफ केले, कम्युटेटरच्या खाचांतला अभ्रक किंचित खोल केला, आणि तो कुरकुरत फिरू लागला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आता खरा वाद. दिल्लीच्या रॅली जुन्या, स्टेट्समनची तर १९६४ पासूनची, आणि तिथले परीक्षक मूळ भाग बघतात. डायनमो परत लावला तर गाडी कागदावर आणि नजरेला अस्सल. नव्या नियमातही मूळ रूप जपण्याची अट आहे, जरी बदल म्हणून त्यात नाव चासी, बॉडी आणि इंजिनाचं आहे. माझं मत मी स्पष्ट सांगितलं: धुक्यात, सिग्नलमागून सिग्नल घेत, रात्री घरी यायचं असेल तर अल्टरनेटर. अस्सलपणा बोनेटखाली असतो, ट्रक मागून येतो.

साहेबांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. काकूंनी चहा आणला, डायनमोकडे पाहिलं आणि विचारलं, "हा किती वेळात बसतो?" मी म्हटलं, दोन तास, रेग्युलेटरच्या वायरिंगसकट. "मग रॅलीच्या आदल्या दिवशी बसव," त्या म्हणाल्या, "आणि रॅली दिवसा असते. संपली की ट्रेलरवर घालून आणा."

जुना कटआउट-रेग्युलेटरचा डबा फायरवॉलवर मूळ जागी आहे, तारांची टोकं टेपने बांधून. डायनमो तेल लावून, जुन्या मच्छरदाणीत गुंडाळून डिकीत ठेवला आहे. गाडी विकण्याचा विषय मात्र त्यानंतर निघालेला नाही.