ट्युनिशियातील चार संस्था

लोकशाही म्हणजे पाच वर्षांनी एकदा मतदान, अशी समजूत पुष्कळांची असते. पालकांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया या छोट्या मुस्लिम देशाचा अलीकडचा इतिहास अवश्य वाचावा. मतपेटीबाहेर केवढे काम असते, हे त्यातून ध्यानात येते.

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद येथे एका गरीब फेरीवाल्या तरुणाने जाचाला कंटाळून स्वतःस पेटवून घेतले. त्यातून उसळलेल्या असंतोषापुढे २३ वर्षे सत्ता गाजविणारे अध्यक्ष बेन अली १४ जानेवारी २०११ रोजी देश सोडून पळाले. त्याच वर्षी घटना समिती निवडली गेली. पुढे घटनेच्या मसुद्यात स्त्री ही पुरुषाला ‘पूरक’ असल्याचे शब्द आले, तेव्हा १३ ऑगस्ट २०१२ रोजी हजारो स्त्रिया राजधानी ट्यूनिसच्या रस्त्यावर उतरल्या. १९५६ साली याच तारखेस तेथे बहुपत्नीत्व बंद करणारा कौटुंबिक कायदा जारी झाला होता. अखेर ते शब्द वगळण्यात आले.

२०१३ साली शुक्री बेलईद व मोहम्मद ब्राह्मी या दोन विरोधी पुढाऱ्यांचे खून पडले आणि समितीचे काम ठप्प झाले. शेजारच्या प्रदेशात, इजिप्तमध्ये, लष्कराने त्याच जुलैत सत्ता घेतली होती. अशा वेळी कामगार महासंघ, मालकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना यांनी सर्व पक्षांना एका टेबलाशी बसविले. कामगार आणि मालक एकत्र! एरवी पगारावरून हेच एकमेकांशी भांडत. परंतु कामगार महासंघ १९४६ पासूनचा, त्याच्या शाखा देशभर. त्याचा शब्द टाळणे कोणालाच सोपे नव्हते. एवढा वजनदार मध्यस्थ एका रात्रीत उभा राहत नाही, त्यामागे वर्षानुवर्षांच्या सभा आणि वर्गण्या असतात. निवडून आलेले सरकार बाजूस झाले, निःपक्ष मंत्रिमंडळ आले आणि २६ जानेवारी २०१४ रोजी नवी घटना २०० विरुद्ध १२ मतांनी संमत झाली. २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक या चार संस्थांना मिळाले.

मात्र बेकारी व महागाई हटली नाही. लोक पक्षांना विटले. २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा अनेकांनी रस्त्यावर येऊन आनंदच व्यक्त केला. कामगार महासंघानेही प्रारंभी ठाम विरोध केला नाही. २०२२ साली सईद यांनी स्वतःची घटना आणली. त्याच वर्षी, पुन्हा १७ डिसेंबरलाच, संसदेची निवडणूक झाली. मतदान झाले सुमारे ११ टक्के.