खर्ज ऐकू यावा म्हणून

आजचा धागा राजे, लढाया किंवा तह यांविषयी नाही. तो अशा एका वाद्याविषयी आहे, जे गाण्यात असताना बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि काढून घेतले की सारे गाणे पोकळ वाटू लागते. ते वाद्य म्हणजे विद्युत बास गिटार. १९५१ ते १९७१ या वीस वर्षांत ते इतर वाद्यांच्या गर्दीतून ऐकू यावे म्हणून जी खटपट झाली, तिची ही कथा.

प्रारंभी एक कबुली. महाविद्यालयात असताना मी आमच्या वाद्यवृंदात बास वाजवीत असे. ऐकू येत नाही म्हणून मी खर्जाचे बटण वाढवी. मग खोली थरथरे, पण मी कोणता स्वर वाजवला हे मलादेखील कळत नसे. हीच चूक माझ्याआधी एका संपूर्ण पिढीने केली होती, हे पुढे वाचनात आले तेव्हा थोडे बरे वाटले.

१९४०च्या दशकातील अमेरिकी नृत्यगृहे डोळ्यांसमोर आणा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम आणि नव्याने आलेली विद्युत गिटार. या कोलाहलात माणसाहून उंच असा लाकडी डबल बास हाताशी धरून उभा असलेला वादक दिसे पुष्कळ, ऐकू येई थोडा. एव्हरेट हल या वादकाने डबल बास ज्या खुंटीवर टेकवला जातो तिच्यातून पोटात मायक्रोफोन बसवला. ‘अँपेग’ हे नाव त्या खुंटीवरूनच आले.

१९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवीत नसत. त्यांनी भरीव लाकडाचे, ३४ इंच तारांचे आणि पडदे असलेले वाद्य घडवले. पडद्यांमुळे बोट अचूक स्वरावर पडते, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. पाठोपाठ १९५२ साली ‘बासमन’ हा १५ इंची स्पीकरचा ॲम्प्लिफायर आला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या गिटारवाद्यांनीच उचलल्या, आणि १९६२च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात बनलेला पहिला ॲम्प्लिफायर बासमनच्याच धर्तीवर होता. म्हणजे बासला आवाज द्यायला निघालेल्या यंत्राच्या पोटी बासला बुडवणारी गर्जना जन्मली!

आता अडचणीच्या मुळाशी जाऊ. बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. १९३३ साली बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजमाप करून दाखवले, की मानवी कान इतक्या खालच्या स्वरांबाबत फार मंद असतो; ते मधल्या स्वरांइतके मोठे वाटायचे तर कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते. त्यात लहान स्पीकर इतका खालचा स्वर उमटवूच शकत नाही. मग साध्या रेडिओवर बास ऐकू येतो कसा?

उत्तर आपल्या तंबोऱ्यात आहे. खर्जाची तार छेडली की कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार त्यातून उमटतो. बासच्या तारेतूनही ४१सोबत ८२, १२३, १६५ अशी वरची कंपने उठतात. लहान स्पीकर मूळ स्वर गाळतो, पण वरचे उपस्वर कानी पडले की मेंदू तो मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. तात्पर्य, गर्दीत बास ओळखू येतो तो बव्हंशी त्याच्या मध्यातून, तळातून नव्हे. माझे बटण नेमके उलट्या दिशेला फिरत होते.

तरीही एक मार्ग निव्वळ शक्तीचा होता. १९६९ साली अँपेगने ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ काढला; त्याचे आरंभीचे नमुने रोलिंग स्टोन्सने त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वापरले. प्रचंड मैदानांत त्याला पर्याय नव्हता. परंतु ‘द हू’चा जॉन एन्टविसल याने त्याआधीच दुसरी वाट धरली होती. गुळगुळीत तारांऐवजी गोल वेढ्यांच्या, झणझणीत तारा लावून त्याने बासचे वरचे स्वरच मोकळे केले. त्याचा बास गर्जत असे, शिवाय कळतही असे.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत अडसर निराळाच होता: तबकडी. खर्ज जितका जोरदार, तितकी तबकडीवरील खाच रुंद वळणे घेते आणि स्वस्त फोनोग्राफची सुई उडते. त्या भयाने तंत्रज्ञ बासला मर्यादेत ठेवीत. अमेरिकी तबकड्यांवर मात्र बास ठसठशीत होता आणि बीटल्सना तो हेवा वाटे. एप्रिल १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’च्या ध्वनिमुद्रणात केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एक मोठा स्पीकर उलटा जोडून त्यालाच मायक्रोफोन बनवले आणि तो बासच्या स्पीकरसमोर ठेवला. पॉल मॅकार्टनीने हॉफनरऐवजी रिकनबॅकर हाती घेतला होता. पुढे तबकडी कोरतानाही आवाज वाढवता यावा म्हणून ईएमआयने बनवलेले नवे उपकरण वापरले गेले. ते गाणे ऐकाच. बास समोर येऊन उभा राहतो.

हेवा वाटण्याजोग्या त्या तबकड्यांपैकी कित्येक डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या होत्या, आणि त्यांवर बास वाजवी तो जेम्स जेमर्सन. मॅकार्टनीने त्याचे ऋण उघडपणे मानले आहे. जेमर्सनची रीत पाहिली की मी थक्क होतो, कारण तीत जोराचा लवलेश नाही. गुळगुळीत तारा, त्याही तुटेपर्यंत न बदललेल्या. पुलाजवळ स्पंजचा तुकडा, म्हणून स्वर लगेच थांबे. छेडायला एकच तर्जनी. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील त्या चिंचोळ्या स्टुडिओत बास बहुधा थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेला जोडला जाई. ध्वनिमिश्रणाची परीक्षा मोटारीतल्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर होई. आखूड, गोळीबंद स्वरांमुळे बेस ड्रमच्या ठोक्याला व गायकाला जागा मिळे, आणि गायक श्वास घेई तिथे जेमर्सन एखादी चपळ तान टाकून जाई. फोर टॉप्सचे १९६६ मधील ‘रीच आउट आय’ल बी देअर’ मोबाइलच्या स्पीकरवर लावून पाहा, बास हरवत नाही.

हरवले होते ते नाव. साठच्या दशकात मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांचा उल्लेख नसे. देशभरच्या मोटारींत ज्याची बोटे वाजत होती, तो श्रोत्यांना ठाऊकच नव्हता. १९७१ साली मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमच्या वेष्टनावर वादकांची नावे छापली गेली आणि त्यांत जेमर्सनचे होते. तो १९८३ साली वारला. साथीदार वादकांसाठी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने वेगळा विभाग सुरू केला २००० साली, आणि पहिल्याच यादीत त्याचा समावेश होता.