नाव कोटणीसांचं, सुई बसूंची: ॲक्युपंक्चर आपल्याकडे आलं कसं?

(भागाचा लिखित मसुदा. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला वेळ नसेल तर ऐका!)

तुंगार्लीहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या.

लोणावळ्यात पावसाळा आला की दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे धरणाच्या वाटेवरची गर्दी आणि दुसरी म्हणजे गुडघ्यांच्या तक्रारी. चिक्कीच्या दुकानात दहा तास उभा राहणारा मुलगा असो, बंगल्यांवर झाडलोट करणाऱ्या मावशी असोत, नाहीतर रोज लोकलने पुण्याला जाऊन खुर्चीत बसणारे तुम्ही-आम्ही. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचं अर्धं डोकं. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. आणि दुखणं जुनाट झालं की कुणीतरी हमखास सुचवतं, "ॲक्युपंक्चर करून बघ ना."

त्याच्यासोबत दोन वाक्यं जोडूनच येतात. पहिलं, "पाच हजार वर्षांपूर्वीचं शास्त्र आहे." दुसरं, खास आपलं मराठी वाक्य, "अरे, आपल्या डॉक्टर कोटणीसांनी आणलंय ते चीनमधून!"

आज या दोन्ही वाक्यांच्या मागे जायचंय. कारण दुखणाऱ्या माणसाला कुणी इतिहास सांगून सुई टोचत असेल, तर तो इतिहास खरा असायला हवा. पैसे त्याचे जाणार, आशाही त्याचीच पणाला लागणार.

बोटीवरचे पाच डॉक्टर

१९३७ साली जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशभर आवाहन केलं, पैसे जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे मुखर्जी आणि बसू, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' बोट निघाली. आपण स्वतः पारतंत्र्यात, आणि मदत पाठवतोय दुसऱ्याला!

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले. म्हणजे निघाले तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. आज त्या वयात आपण नोकरी बदलू की नको यावर तीन महिने घालवतो.

१९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोहोचलं. माओंच्या सैन्याचा तो तळ. हळूहळू बाकीचे सहकारी परतले, कोटणीस राहिले. आघाडीजवळच्या डोंगराळ भागात ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायचे. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनच्या नावाचं एक रुग्णालय तिथे होतं. १९४१ मध्ये कोटणीस त्याचे प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२.

चार वर्षांनी व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि हे नाव घरोघर पोहोचलं.

आता नीट बघा. या सगळ्या गोष्टीत शस्त्रक्रिया आहे, ड्रेसिंग आहे, उपासमार आहे, युद्ध आहे. सुई कुठे आहे?

चीनलाच सुई नको होती तेव्हा

सुई नाही, कारण त्या काळात चीनमध्येच तिची किंमत घसरलेली होती. हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

ॲक्युपंक्चर जुनं आहे हे खरं. 'ह्वांगदी नेइजिंग' या चिनी ग्रंथात सुया टोचण्याचं सविस्तर वर्णन आहे आणि तो ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. पण पाच हजार वर्षं अखंड चालत आलेली परंपरा? तसं नाही. १८२२ मध्ये चिनी बादशहाने दरबारी वैद्यकसंस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं. १९२९ मध्ये तर तिथल्या सरकारपुढे सगळं देशी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला. देशी वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून तो बारगळला.

मग ही विद्या परत वर आली कशी? तर तिला नवं रूप देऊन. १९३० च्या दशकात चेंग दानआन नावाच्या वैद्याने सुई टोचण्याच्या जागा आधुनिक शरीररचनेशी जुळवून सांगायला सुरुवात केली. १९४४ मध्ये येनानला माओंनी आधुनिक डॉक्टरांना सांगितलं की देशी वैद्यांना बरोबर घ्या. कारण साधं होतं. औषधं नव्हती, डॉक्टर कमी, रुग्ण लाखो. सुई स्वस्त, खिशात मावणारी, उकळून पुन्हा वापरता येणारी. तिथेच जू लियान नावाची आधुनिक वैद्यक शिकलेली एक डॉक्टर सुई शिकली. १९५१ मध्ये तिने 'नवं ॲक्युपंक्चर' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं आणि सुईचा परिणाम मज्जासंस्थेच्या भाषेत समजावला.

तारखा जुळवा. येनानच्या डॉक्टरांनी सुई हातात घेतली १९४४-४५ मध्ये. कोटणीस गेले १९४२ मध्ये. म्हणजे ते ॲक्युपंक्चर भारतात आणूच शकले नसते.

मग आणलं कुणी?

बोटीवरच्या त्या पाचांतल्याच एकाने. डॉ. बिजयकुमार बसू. ते १९४३ मध्ये भारतात परतले होते. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले आणि ॲक्युपंक्चर शिकले. हेच ते वर्ष, जेव्हा माओंनी देशी वैद्यकाला खजिना म्हटलं आणि सरकारी पाठबळ जोरात सुरू झालं. १९५९ मध्ये बसूंनी कलकत्त्यात सुईचे उपचार सुरू केले. भारतातल्या ॲक्युपंक्चरची ही सुरुवात.

मग कोटणीसांचं नाव कुठून आलं? बसूंनीच ते जपलं. मित्राच्या स्मृतीसाठी त्यांनी समिती उभी केली आणि तिच्या कामात ॲक्युपंक्चरचा प्रसार आला. पंजाबात लुधियानाला कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक आहे. वर्षानुवर्षं नाव आणि सुई शेजारी शेजारी राहिली आणि लोकांच्या मनात एक झाली. यात कुणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. एका डॉक्टरने दिवंगत मित्राचं नाव स्वतःच्या कामाला दिलं. मला तर ही गोष्ट सिनेमातल्या गोष्टीपेक्षाही भारी वाटते. पण कोटणीसांचा त्याग मोठा होता म्हणून सुईने कंबर बरी होते, असं होत नाही ना!

अपेंडिक्स आणि अमेरिका

जगात सुई गाजली ती १९७१ मध्ये. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेले होते. तिथे त्यांचं अपेंडिक्स दुखावलं आणि ऑपरेशन झालं. ऑपरेशन नेहमीसारखी बधिर करणारी इंजेक्शनं देऊनच केलं होतं. नंतर पोटात अस्वस्थ वाटायला लागलं तेव्हा त्यांना सुया टोचल्या आणि बरं वाटलं. त्यांनी ते पेपरात लिहिलं. पण कानोकानी त्याचं झालं, 'भूल न देता सुयांवर ऑपरेशन!' फॉरवर्ड मेसेज मोबाइलच्या आधीपासून आहेत, मित्रांनो.

मोजून बघायची सवय

इथे मला आपल्या लोणावळ्याची आठवण काढायचीय. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम सुरू केलं. त्यांनी योगाबद्दल नुसती भक्ती ठेवली नाही. उड्डियान आणि नौली करताना शरीराच्या आत दाब किती बदलतो ते यंत्राने मोजलं, एक्स-रे काढले, आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. जुनं आहे म्हणून खरं नाही आणि जुनं आहे म्हणून खोटंही नाही. मोजा आणि बघा. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावात घालून दिलेली ही सवय सुईलाही लावू या.

मोठी चाचणी झाली जर्मनीत, २००७ मध्ये निकाल आला. जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण, तीन गट. पहिल्या गटाला चिनी पद्धतीच्या ठरलेल्या जागांवर सुया. दुसऱ्या गटाला लुटुपुटूच्या सुया, म्हणजे भलत्याच जागी आणि अगदी वरवर टोचलेल्या. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी किती जणांना ठळक फरक पडला? खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के. लुटुपुटूच्या सुयांनी ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के.

पॉज करून हे आकडे पुन्हा बघा. सुई घेतलेल्यांना गोळ्या-व्यायामवाल्यांपेक्षा बराच जास्त आराम. पण सुई नेमकी कुठे टोचली याने जवळजवळ फरकच नाही!

समर्थक पहिला आकडा सांगतात, टीकाकार दुसरा. दोन्ही खरे आहेत. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, त्यात खरी सुई लुटुपुटूच्या सुईपेक्षा थोडी सरस ठरली आणि फायदा वर्षभराने साधारण १५ टक्केच कमी झाला होता. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये ॲक्युपंक्चर सुचवलं, २०१६ मध्ये काढून टाकलं, आणि २०२१ मध्ये स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी पुन्हा यादीत घेतलं. म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत होत नाहीये.

आराम मिळतो तो कसा? टोचण्याने मेंदू आणि मज्जारज्जूत शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सुटतात, याला प्रयोगांचा आधार आहे. त्यात अर्धा तास शांत पडणं, कुणीतरी आपलं दुखणं मन लावून ऐकणं, बरं वाटेल ही अपेक्षा, हेही सगळं येतं. पण अंगातून ऊर्जेच्या वाहिन्या जातात आणि सुई त्यातला अडथळा काढते, याचा पुरावा नाही.

माझ्या आईची कंबर सहा वर्षं दुखतेय. तिने मला सरळ विचारलं, "जाऊ का रे?" मी म्हटलं, "जा. पण सहा-आठ वेळा जाऊनही फरक नाही पडला तर थांबायचं. आणि चालणं सोडायचं नाही." तिचं उत्तर होतं, "मला कुठली वाहिनी मोकळी होते त्याच्याशी काय करायचंय? सकाळी वाकून चूल... म्हणजे गॅस पेटवता आला पाहिजे." दुखणाऱ्या माणसाचा प्रश्न हाच असतो. त्याला कमी लेखू नका. फक्त त्या प्रश्नाचा फायदा घेऊन कुणी मधुमेह, लकवा आणि कॅन्सर बरा करायचं पॅकेज विकत असेल, तर तिथून उठा.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

पश्चिम बंगालने ॲक्युपंक्चरसाठी १९९६ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५चा, आणि त्यातून राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आली. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पण कायदा सांगतो सुई कुणी टोचावी. सुईने काय बरं होतं, हे कायदा ठरवू शकत नाही.

म्हणून जाणार असाल तर एवढं करा:

१. उपचार करणाऱ्याची परिषदेकडे नोंदणी आहे का, विचारा. विचारण्यात अपमान नाही.

२. सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे आणि एकदाच वापरून टाकली पाहिजे. उकळून वापरायचे दिवस येनानला संपले.

३. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधी सांगा.

४. चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका.

५. पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तापासोबत पाठ दुखत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, तर सुई नाही, थेट हॉस्पिटल.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "कोटणीसांनी आणलंय ते," तर भांडू नका. सांगा, "आणलं त्यांच्या मित्राने, बसूंनी." कोटणीसांचं मोठेपण त्यामुळे कणभरही कमी होत नाही. ते सुईसाठी गेलेच नव्हते, जखमी माणसांसाठी गेले होते.

भाग आवडला तर घरात ज्याचं काही दुखतंय त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर खुर्चीतून उठा, जरा चालून या!